नाशिकरोडचा रहिवासी कोण?

उपनगराचा इतिहास लिहायला बसलं की आपल्याकडे एक ठरलेला साचा असतो. आधी नावाची व्युत्पत्ती, मग देवळं, शेवटी ‘या मातीतली रत्नं’. रत्न ठरायला तिथे जन्म घ्यावा लागतो, नाहीतर बंगला तरी बांधावा लागतो. आमचा आक्षेप या साच्याला आहे. तो नाशिकरोडवर तपासून पाहू.

व्युत्पत्ती इथे सोपी. नाशिक गाव लांब, म्हणून स्टेशन ‘नाशिकरोड’. शहरातून स्टेशनापर्यंत एके काळी घोड्यांची ट्राम चालायची. रत्न विचारलं, की लोक शेजारच्या भगूरकडे बोट दाखवतात, कारण सावरकर १८८३ साली तिथे जन्मले. म्हणजे माणूसही उसना आणायचा!

आता बघा. फेब्रुवारी १९३३मध्ये इथल्या तुरुंगात साने गुरुजींनी पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. पुस्तकात सगळं कोकण. नाशिकरोड औषधालाही नाही. म्हणून तो कैदी इथला नव्हे? आम्ही म्हणतो, इथलाच. ज्याला घरी जाता येत नव्हतं, त्याने घर सांगितलं. त्या पुस्तकातली ओढ या भिंतींशिवाय नीट समजत नाही.

दुसरं उदाहरण देवळालीच्या छावणीचं. मायदेशी परतणारे गोरे सैनिक इथे बोटीची वाट पाहत थांबत. त्या कंटाळ्यातून, तापातून इंग्रजीत ‘डूलॅली’ हा शब्द आला. अर्थ, डोकं फिरलेला. गुरुजींना अडकून पडल्यावर आई आठवली. सैनिकांनी गावाचं नावच वेडाला दिलं. दोघांपैकी कुणीही इथे आपखुशीने राहत नव्हतं.

आणि तिसरे छापखान्याचे लोक. पूर्वी आपली टपाल तिकिटं लंडनहून छापून यायची. १९२५पासून ती नाशिकरोडला छापली जाऊ लागली, १९२८पासून नोटाही. देशभर प्रत्येकाच्या खिशात या परिसराचं काम आहे. नोटेवर गव्हर्नरांची सही असते, छापणाऱ्याचं नाव नसतं, ते योग्यच. पण परिसराच्या इतिहासातही ते नसावं?

कुणी म्हणेल, अशाने गाडीतून उतरलेला प्रत्येक जण रहिवासी ठरेल. तसं नाही. आमची कसोटी एवढीच, की त्या माणसाच्या हातून जे घडलं, ते या जागेमुळे घडलं का? जन्म हा योगायोग असतो. काम तसं नसतं.

तेव्हा पुढची पुस्तिका काढणाऱ्यांना आमची विनंती आहे. रत्नांच्या यादीआधी चार पानं प्रेसमधल्या पाळ्यांसाठी राखून ठेवा. निवृत्त कामगार जेलरोडला सकाळी फिरायला येतात. त्यांच्याशेजारी बाकावर बसा आणि विचारा. आम्ही तत्त्वज्ञानवाले नुसतेच बोलतो. हे लोक सांगतील.