विस्थापितांनी घडविलेले विस्थापन : डॉन वॉटसन यांच्या ‘कॅलेडोनिया ऑस्ट्रेलिस’चे चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

वसाहतवादाच्या अभ्यासात पीडक आणि पीडित अशी सरळ विभागणी बहुधा गृहीत धरली जाते. ऑस्ट्रेलियन इतिहासकार डॉन वॉटसन यांचा १९८४ साली प्रसिद्ध झालेला ‘कॅलेडोनिया ऑस्ट्रेलिस’ हा ग्रंथ या गृहीतकाला छेद देतो. स्कॉटलंडच्या हायलँड्स या डोंगराळ प्रदेशातील गेलिक भाषक स्थलांतरित आणि ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातील गिप्सलँडचे मूळ रहिवासी कुर्नाई यांचा संघर्ष हा त्याचा विषय होय.

मेंढी : दोन विस्थापनांचा दुवा

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हायलँड्समधील जमीनदारांनी मेंढपाळीसाठी कुळांना पिढीजात जमिनींवरून हुसकावले. याच प्रदेशातील माणसांनी पुढे मेंढ्या व गुरे गिप्सलँडमध्ये नेली. स्काय बेटावर १८१० मध्ये जन्मलेला अँगस मॅकमिलन १८३८ मध्ये ऑस्ट्रेलियात पोहोचला आणि त्याने या भूमीला ‘कॅलेडोनिया ऑस्ट्रेलिस’ म्हणजे दक्षिणेकडील स्कॉटलंड असे नाव दिले. १८४३ साली रोनाल्ड मॅकॅलिस्टर याच्या हत्येनंतर वॉरिगल क्रीक येथे वसाहतकऱ्यांनी कुर्नाईंचे हत्याकांड केले. बळींचे अंदाज ६० पासून १५० हून अधिक असे भिन्न आहेत. या प्रकरणी कोणालाही शिक्षा झाली नाही. ज्याच्याकडे या हल्ल्याचे नेतृत्व असल्याचे मानले जाते, तो मॅकमिलन १८५९ मध्ये व्हिक्टोरियाच्या विधानसभेत निवडून गेला.

करुणेची सीमा

कुर्नाईंनी एका गोऱ्या स्त्रीला कैदेत ठेवल्याची वदंता १८४० च्या दशकात पसरली. तिच्या शोधासाठी निघालेल्या पथकाने इंग्रजी आणि गेलिक अशा दोन्ही भाषांत संदेश छापलेले रुमाल रानात ठेवले. स्त्री सापडली नाही. हाती आली ती जहाजाच्या नाळेवरील एक लाकडी स्त्रीमूर्ती. मायदेशी अवहेलना सोसलेली गेलिक भाषा येथे करुणेची भाषा झाली. परंतु ती करुणा कल्पनेतील स्वजनापुरतीच राहिली. प्रत्यक्ष मारल्या जाणाऱ्या कुर्नाई स्त्रिया तिच्या कक्षेत आल्या नाहीत.

ग्रंथाची मर्यादा

हायलँडरांच्या दुःखाला वॉटसन सहानुभूती देतात, मात्र त्या दुःखाची ढाल होऊ देत नाहीत. हे ग्रंथाचे बलस्थान आहे. तथापि दोन विस्थापने शेजारी ठेवण्याच्या मांडणीतच एक धोका दडलेला आहे. उभयतांची हानी समान होती, असा समज त्यातून होऊ शकतो. हायलँडरांपुढे निदान दुसरी भूमी होती, हाती बंदूक होती आणि पाठीशी साम्राज्य होते. कुर्नाईंना जाण्यासाठी दुसरी भूमीच नव्हती. शिवाय हायलँडर आपल्या पत्रांतून व आठवणींतून स्वतः बोलतात, तर कुर्नाई मुख्यतः गोऱ्यांच्या नोंदींतूनच भेटतात. ही साधनांची उणीव असली, तरी तिचा परिणाम ग्रंथाच्या तोलावर होतो.

समारोप

२०१० मध्ये न्यायालयाने गुनाईकुर्नाईंचा पारंपरिक भूमिहक्क मान्य केला. मॅकमिलनचे नाव धारण करणाऱ्या संसदीय मतदारसंघाचे २०१८ मध्ये ‘मोनॅश’ असे नामांतर झाले. या घटनांच्या प्रकाशात ग्रंथाचे मोल अधिकच जाणवते. सोसलेला अन्याय माणसाला आपोआप न्यायी करत नाही. उलट गमावलेले घर पुन्हा उभारण्याच्या ध्यासात तो दुसऱ्याचे घर रिकामे मानू लागतो. हे कटू सत्य कोणाचीही सुटका न करता मांडणे, हेच वॉटसन यांच्या इतिहासलेखनाचे खरे यश आहे.