पत्रक कोणाशी बोलतं?

आज चिकित्सेला घेतलेली संहिता औषधाच्या खोक्यात सापडते. सिल्डेनाफिल, म्हणजे लोक जिला व्हायग्रा म्हणतात ती गोळी. तिच्यासोबत घडी घालून येणारं माहितीपत्रक, ही आपली संहिता.

मजकूर म्हणून ते चोख आहे. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्याने ही गोळी घेऊ नये, असं ते स्वच्छ सांगतं. कारणही पक्कं आहे. नायट्रेटमुळे शरीरात सीजीएमपी नावाचं द्रव्य वाढतं आणि रक्तवाहिन्या सैलावतात. ते द्रव्य मोडणाऱ्या विकराला सिल्डेनाफिल अडवतं. म्हणजे एकाने नळ सोडायचा आणि दुसऱ्याने मोरीचं तोंड बुजवायचं! रक्तदाब एकदम कोसळतो, माणूस दगावूही शकतो. प्रोस्टेटसाठीच्या टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्यांसोबतही भोवळ येऊ शकते. तिथे मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

आता बघा, सिल्डेनाफिल मुळात हृदयशूळावरच तपासलं जात होतं. १९९८ साली अमेरिकेत त्याला आजच्या वापरासाठी मान्यता मिळाली. म्हणजे दोन्ही औषधं एकाच वाटेवरची, आणि उतारवयात दोन्हींची गरज पडणारा माणूसही पुष्कळदा एकच.

मग आक्षेप कशाला? पत्रकाने वाचकच चुकीचा धरलाय. आपल्याकडे त्यावर छापलेलं असतं, की हे नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णालय किंवा प्रयोगशाळा यांच्याच वापरासाठी. बोलतं डॉक्टरांशी, येतं रुग्णाच्या हाती, तेही बारीक इंग्रजीत. आणि छातीत कळ आली की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणारा हात असतो बायकोचा, मुलाचा, नाहीतर शेजाऱ्याचा. त्या हाताला काहीच ठाऊक नसतं.

इथे खासगी आणि गुप्त यांतला भेद महत्त्वाचा. खासगी गोष्ट कोणाला सांगायची, हे माझं मी ठरवतो. गुप्त गोष्ट मला कोणालाच सांगता येत नाही. लाजेपायी आपण खासगी गोष्ट गुप्त करून टाकतो, आणि पत्रक त्यावर अवाक्षर काढत नाही.

खरं तर दोनच वाक्यं हवीत, ठळक आणि मराठीत. ‘ही गोळी घेता हे घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा. छातीत दुखलं तर नायट्रेट घेऊ नका, ताबडतोब रुग्णालय गाठा आणि गोळी कधी घेतली ते आधी सांगा.’ सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टॅडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट टाळतात. डॉक्टरांना हा हिशेब येतो हो. पण तो मांडायला गोळीची वेळ त्यांना कोणीतरी सांगावी लागते.