घराबाहेर पडलेली तीन पुस्तके

परप्रांतात राहणाऱ्या मराठी वाचकाची अभिरुची एका बाबतीत पक्षपाती असते. पुस्तक मराठी आहे एवढ्यावरच तो निम्मे गुण देऊन टाकतो. कोकणचा पाऊस किंवा पुण्याच्या पेठा यांचा नुसता उल्लेख आला, तरी त्याला गहिवरून येते. हा गहिवर आम्हांलाही परका नाही. परंतु तो वाङ्मयीन आनंद नव्हे. सरत्या वर्षात पुन्हा वाचलेल्या तीन पुस्तकांनी हा भेद आम्हांला विशेष जाणवला.

पहिले विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. घरचे कर्ज फिटावे म्हणून दक्षिणेच्या आशेने वरसईचे हे भटजी १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. चिं. वि. वैद्य यांनी हा वृत्तांत १९०७ साली प्रसिद्ध केला, तो मात्र बरेच फेरफार करून. द. वा. पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली प्रत १९६६ साली निघाली. वाचावयाची ती हीच. झाशीची कत्तल आणि मिळालेली दक्षिणा, दोहोंची नोंद भटजी सारख्याच चोखपणे करतात. काही वाचकांना हे क्षुद्र वाटते. आमच्या मते त्यांच्या साक्षीचे बळ यातच आहे. ज्याने दक्षिणेचा आकडा लपविला नाही, तो रक्ताचा सडा फुगवून सांगणार नाही, असा विश्वास वाटतो. मिळविलेले द्रव्य लुटले गेले. घरी आली ती गंगेची कावड.

दुसरे लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’, १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले. त्याची स्तुती बहुधा भाबडेपणाबद्दल होते. हा शब्द आम्हांला मान्य नाही. पतीने १८९५ साली धर्मांतर केल्यावर जिचे घरच दुभंगले, ती बाई स्वतःच्या सोवळ्याकडेही हसून पाहते. अशा हसण्यामागे भाबडेपणा नसतो. दुःख पुरते पचविल्यावाचून ते येत नाही.

तिसरे व्यंकटेश माडगूळकरांचे ‘बनगरवाडी’ (१९५५). धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला तरुण मास्तर हा तर आपल्याच जातकुळीचा, नेमणुकीच्या गावी गेलेला नोकर. तो वाडी सुधारावयास जातो आणि हळूहळू तीत मुरतो. पुढे दुष्काळ वाडीच उठवून नेतो. लेखक कोठेही आक्रोश करीत नाही. उणीव एकच : वाडीतील स्त्रिया ओझरत्या दिसतात, त्यांच्या मनात मास्तरला शिरता येत नाही.

तिन्ही पुस्तके ओळखीच्या जगाबाहेर पडलेल्या माणसांची आहेत. त्यांतील कोणीही मागे सुटलेल्या जगासाठी उसासे टाकीत बसत नाही. समोर आहे ते डोळे उघडे ठेवून पाहतो. आपल्यापैकी कित्येकांची उमेदीची वर्षे परप्रांतातील सरकारी वसाहतींत जातात. पण त्या गावांविषयी आपण लिहितो किती? मंडळाचा गणेशोत्सव आणि बदलीचा हुकूम यांपलीकडे ती गावे आपल्या लेखणीत क्वचितच उतरतात. भटजींपाशी ना पदवी होती, ना प्रवासभत्ता. त्यांना साधले ते आपणांस का साधू नये, हा प्रश्न या वर्षाच्या वाचनाने आमच्यापुढे ठेवला आहे.