भोंग्यावर तगलेला आवाज

मराठी लोकप्रिय गाण्याचा इतिहास सांगायची एक ठरलेली रीत आहे. गजाननराव वाटव्यांपासून सुरुवात करायची, मग ‘गीतरामायण’, मग खळे-पाडगावकर-अरुण दाते, हृदयनाथांची कोळीगीतं, ‘पिंजरा’, ‘जैत रे जैत’. ऐंशीचं दशक आलं की मात्र उसासा टाकायचा आणि ‘पुढे कॅसेटी आल्या’ एवढ्यावर दहा वर्षं आटोपायची. हा इतिहास खोटा नाही, पण तो आकाशवाणीच्या आणि तबकडी कंपन्यांच्या दप्तरातून लिहिलेला आहे. तोच काळ मालेगावातून पाहिला तर वेगळा दिसतो. हे नाशिककडचं यंत्रमागांचं मालेगाव नव्हे. अकोल्याहून पातूर-मेडशीवरून वाशीमला जाताना लागतं ते वऱ्हाडातलं मालेगाव, 1998 साली वाशीम जिल्हा होईपर्यंत अकोला जिल्ह्यात असलेलं. अशा तालुक्याच्या गावांत ऐंशीच्या दशकात जे गाणं गाजलं ते उघड्यावर गाजलं: लग्नाच्या मांडवात, जत्रेत, गणपतीपुढे, 14 एप्रिलच्या मिरवणुकीत. आणि उघड्यावर टिकणारा आवाज ही त्या दशकाची खरी कलात्मक कमाई आहे, असं माझं म्हणणं आहे. आपल्या समीक्षेनं त्या आवाजाची नीट दखलच घेतलेली नाही.

हे म्हणणं पटवायचं तर आधी यंत्रांकडे पाहावं लागेल. भावगीत हे मायक्रोफोनचं अपत्य. गायकानं ओठ माईकजवळ न्यायचे, हलक्या श्वासानं शब्द सोडायचा, आणि तो घरातल्या रेडिओतून एकेका श्रोत्याच्या कानाशी पोहोचायचा. ‘शुक्रतारा’मध्ये अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा गातात ते खोलीतल्या दोन माणसांनी एकमेकांशी बोलावं तसं, आणि त्या गाण्याचं सगळं सौंदर्य त्या जवळिकीत आहे. तेच गाणं झाडाला बांधलेल्या पत्र्याच्या भोंग्यावर लावून पाहा. भोंग्याला खर्ज झेपत नाही. डग्ग्याची घुमक, खालच्या सुरातला हळुवारपणा, व्हायोलिनचा मागचा पडदा हे सारं त्यात विरून जातं. उरतो तो मधला पट्टा, म्हणजे वरच्या पट्टीतला मोकळा गळा, ढोलकीचे कडक बोल, बेंजोच्या तारा, टाळ्या आणि कोरस. जो गायक मुळातच या पट्ट्यात गातो, त्याचं गाणं भोंग्यातून शिवारापर्यंत शाबूत पोहोचतं. ऐंशीच्या दशकातली गाजलेली गाणी ऐकताना ही चाळणी लक्षात ठेवली, तर कोण का गाजलं याचा बराच उलगडा होतो.

त्या चाळणीतून सर्वांत निखळ उतरलेला आवाज प्रल्हाद शिंदे यांचा. मंगळवेढ्यात 1933 साली जन्मलेला हा गायक कव्वालीच्या मुकाबल्यांतून घडला. समोर हजारोंचा जमाव, प्रतिस्पर्धी शेजारच्याच मंचावर आणि रात्रभर गळा टिकवायचा, अशी ही शाळा होती. तिची खूण त्यांच्या गाण्यात जागोजाग दिसते. मुखडा ते वरूनच उचलतात. ओळीच्या शेवटचा ‘आ’ पूर्ण उघडतात, पण त्याआधीचं व्यंजन मात्र इतकं ठाशीव टाकतात की कितीही गोंगाटात शब्द कळतोच. ‘चल गं सखे पंढरीला’ ऐकताना हे तपासून पाहावं. सुरावट साधी आहे, हरकती मोजक्या आहेत, आणि सगळा जोर शब्द फेकण्यावर आहे. कोरसनं मुखडा परतवला की गायक त्याच्या अर्धं पाऊल पुढे निघतो, म्हणून गाणं बसून राहत नाही, चालत राहतं. गजानन महाराजांची पालखी शेगावहून पंढरीला जाताना मेडशी, मालेगाव, शिरपूर जैन करत याच भागातून पुढे सरकते. त्या वाटेवर हा आवाज आपलासा झाला तो केवळ विषयामुळे नव्हे. त्या गाण्याच्या बांधणीतच पायांची लय आहे.

त्यांची गाणी तबकडीच्या काळातच लोकांना ठाऊक झाली होती, पण कॅसेटनं त्यांचा वावर पार बदलला. फिलिप्सनं 1963 साली आणलेली ही पेटी आपल्याकडे स्वस्त झाली ती ऐंशीच्या दशकात. गुलशन कुमार यांची टी-सिरीज 1983ची, आणि पाठोपाठ कितीतरी लहानमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. तबकडीची वीज, सुई, जपणूक ही कटकट गेली. सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर शेतात, जीपमध्ये, पानठेल्यावर वाजू लागला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मधला पहारेकरी गेला. आकाशवाणीवर गायचं तर स्वरपरीक्षा द्यावी लागे, श्रेणी मिळवावी लागे, आणि कुठलं गाणं किती वेळा लागणार हे केंद्रावर ठरे. ‘आपली आवड’मध्ये श्रोता फर्माईश करी खरा, पण केंद्राच्या संग्रहात असलेल्या गाण्यांचीच. कॅसेटला ना श्रेणी लागत होती ना परवानगी. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीनं घालून दिलेला तीन मिनिटांचा दंडकही उरला नाही. एका बाजूला अर्धा तास असल्यामुळे कव्वालीच्या अंगाचा सवाल-जबाब किंवा बाबासाहेबांच्या चरित्राचं पोवाडावजा कथन सलग भरता येऊ लागलं.

याचा सर्वांत खोल परिणाम भीमगीतांवर झाला. वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून जी गीतसंपदा उभी केली, विठ्ठल उमपांसारख्या शाहिरांनी जी मंचावर गाजवली, तिला रेडिओवर जागा तुटपुंजी होती. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा 1978 पासून 1994 पर्यंत चालला. त्या सगळ्या काळात कॅसेट ही वस्त्यावस्त्यांना जोडणारी गाणारी पत्रिका झाली. आणि गणपतीत ज्याचा आवाज मंडपावर वाजे त्याच प्रल्हाद शिंद्यांचा आवाज जयंतीलाही वाजे. ज्या समाजाला देवळाच्या पायरीशी अडवलं गेलं होतं, त्या समाजातल्या गायकाच्या तोंडून सगळ्या गावानं विठ्ठलाचं आणि गणपतीचं गाणं ऐकलं. हे कुठल्या ठरावानं घडलं नाही, एका गळ्यानं घडवलं. मराठी संगीताच्या इतिहासात या घटनेला स्वतंत्र प्रकरण मिळायला हवं, आणि ते नसणं मला मनापासून खटकतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: कॅसेटनं अभिरुची खालावली. पुरावा म्हणून आनंद शिंदे यांचं ‘नवीन पोपट हा’ हमखास पुढे केलं जातं. त्या दशकात हे गाणं वाजलं नाही असं लग्न सापडणं कठीण. द्व्यर्थाचाच मुद्दा असेल तर तो कॅसेटच्या आधीचा आहे. बैठकीच्या लावणीत तो आहे, तमाशाच्या बतावणीत आहे, सत्तरच्या दशकात दादा कोंडक्यांच्या चित्रपटांत महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर यांच्या आवाजांत आहे. या गाण्यात ऐकण्यासारखं आहे ते आनंद शिंद्यांचं लयीवरचं नियंत्रण. ठेका धावतो आहे, शब्द गर्दीनं येतात, तरी एकही अक्षर गिळलं जात नाही. वडील प्रल्हाद शिंद्यांची तालीम इथे कामी आली आहे. पण म्हणून सगळ्या कॅसेटींची पाठराखण मी करणार नाही. बायकोची, मेव्हणीची, शेजारणीची टिंगल एवढंच भांडवल असलेली शेकडो गाणी या काळात निघाली. ती तेव्हाही हिणकस होती, आजही आहेत. ती विसरली गेली हे चांगलंच झालं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चाली उसन्या होत्या. हिंदी चित्रपटातलं गाजलेलं गाणं उचलायचं आणि त्यावर मराठी शब्द बसवायचे, हा सर्रास रिवाज होता. नवी चाल बांधणाऱ्याचं मोल त्यामुळे घसरलं, हे मान्यच करायला हवं. मात्र उसन्या चालीला सरसकट उष्टं म्हणणाऱ्यांनी आपली संगीत नाटकं उघडून पाहावीत. 1882 साली रंगभूमीवर आलेल्या ‘सौभद्रा’त अण्णासाहेब किर्लोस्करांनी लोकांच्या ओठावरच्या चालींवर पदं रचली, आणि नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा उल्लेख राजरोस असे. ओळखीच्या चालीवर नवा आशय गेला की सभेतला माणूस दुसऱ्याच कडव्याला साथ देऊ लागतो. चळवळीच्या गाण्याला हेच हवं असतं. किर्लोस्करांना जी सवलत आपण परंपरा म्हणून देतो, ती वस्तीतल्या शाहिराला चोरी म्हणून नाकारायची, यात न्याय नाही.

तिसरं म्हणणं असं की दशकाचं खरं शिखर दुसरीकडेच आहे. ‘उंबरठा’ (1982) आला तेव्हा सुरेश भटांचे शब्द, हृदयनाथांची चाल आणि लतादीदींचा आवाज असा संगम झाला. पुढच्याच वर्षी भटांचा ‘एल्गार’ निघाला. भट अमरावतीचे, म्हणजे वऱ्हाडचेच, आणि त्याच जिल्ह्यातल्या भीमराव पांचाळे यांनी मराठी गझल गावोगावच्या मैफलींत नेली. हे शिखर आहे यात शंका नाही. पण या शिखराला कॅसेटच्या गाण्याविरुद्ध उभं करण्याआधी एक गोष्ट आठवावी. भीमवंदना याच सुरेश भटांनी लिहिली, आणि ती वस्त्यांमध्ये श्रद्धेनं गायली जाते. कवीनं जी भिंत मानली नाही, ती समीक्षकांनी उभारण्याचं कारण नाही.

माझ्या म्हणण्याला सर्वांत अवघड जाणारा आक्षेप मात्र या मातीतूनच येतो. कॅसेट तयार होई मुंबईत. तिनं वस्तीला आवाज दिला, पण वऱ्हाडाला किती दिला? खंजिरीवरची राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं, बंजारा तांड्यांवरची होळीची लेंगी, दंडार यांना त्या बाजारात जागा थोडीच होती. लेंगी तर पोहरादेवीच्या वाशीम जिल्ह्याचं स्वतःचं गाणं. अकोल्याकडच्या विठ्ठल वाघांची तिफणीची कविता ‘अरे संसार संसार’ (1981) या चित्रपटातून, अनिल-अरुण यांच्या संगीतात, सुरेश वाडकर आणि अनुराधा पौडवाल यांच्या आवाजात महाराष्ट्रभर पोहोचली. पण वऱ्हाडी ‘काया’ माती तिथे प्रमाण ‘काळी’ होऊनच गेली. गाणं उत्तम आहे, तरी ही किंमत मोजावी लागली हे खरं. अकोटच्या सत्यपाल महाराजांनी सात खंजिऱ्या घेऊन आपल्या बोलीत कीर्तन उभं केलं आणि ते लोकप्रिय करून दाखवलं. म्हणजे बोलीला श्रोता नव्हता असं नाही. बाजाराची नजर तेवढी लांब गेली नाही.

आजची स्थिती पाहिली की त्या दशकाची कमाई जास्त स्पष्ट होते. मोकळ्या गळ्याला चित्रपटाचं दार आता उघडलं आहे. प्रल्हाद शिंद्यांचे नातू आदर्श यांचा आवाज ‘दुनियादारी’त (2013) आला तेव्हा शहरी तरुणांनीही तो डोक्यावर घेतला, आणि ‘सैराट’नं (2016) गावाकडच्या जोशाला हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या वाद्यवृंदाची जोड दिली. पण मिरवणुकीतला भोंगा गेला आणि डीजेच्या भिंती आल्या. भोंगा खर्ज गाळून गळा राखत होता, आता खर्ज छातीवर आदळतो आणि गळा बुडतो. नवी गाणीही त्याच बेतानं बांधली जातात: दोन शब्दांची घोषणा, मग ठोका. बाबासाहेबांवरचं किंवा विठ्ठलावरचं अख्खं कडवं कानावर पडून समजावं, ही सोय मिरवणुकीतून जवळजवळ हद्दपार झाली आहे. हे मला आवाजाच्या पातळीपेक्षाही मोठं नुकसान वाटतं.

आणि ऐंशीच्या त्या गाण्यांची नोंद तरी कुठे आहे? गायकाचं नाव वेष्टणावर ठळक असे, गीतकाराचं बारीक अक्षरात, ढोलकीवाल्याचं बहुधा नसेच, आणि गावातल्या दुकानात भरून मिळणाऱ्या नकली कॅसेटला तर वेष्टणच नसे. म्हणून आज अनेक गाजलेल्या गाण्यांचे कवी आणि संगीतकार कोण, यावर वाद होतात. चुंबकीय फीत दरवर्षी थोडी थोडी मरते आहे, आणि त्या काळी मंचावर बसलेले वादक साठी-सत्तरीला आले आहेत. वाशीम, अकोला, अमरावतीच्या महाविद्यालयांतल्या मराठी विभागांनी विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्प म्हणून द्यावं. घराघरांतल्या जुन्या कॅसेटींच्या वेष्टणांची छायाचित्रं घ्यावीत, जिथे फीत चालते तिथे ती उतरवून घ्यावी, आणि जे कोरसमध्ये उभे होते, ज्यांनी बेंजो वाजवला, त्यांची नावं त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावीत. ज्यांच्या माळ्यावर अशा कॅसेटींची पेटी असेल त्यांनी ती भंगारात घालण्याआधी जवळच्या महाविद्यालयात किंवा वाचनालयात दाखवावी.