खुल्या मनाचा दाखला

मराठी समीक्षेत ‘खुले मन’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. एखाद्या प्रस्थापित समीक्षकाने दलित कवितासंग्रहावर दोन बरे शब्द लिहिले की तो खुल्या मनाचा ठरतो. त्या दोन शब्दांत दडलेली मेहेरबानी दलित लेखकाने दाखवून दिली, की हा मात्र एकारलेला, प्रचारकी, बंद मनाचा. हा दाखला कोण देतो आणि कुणाला देतो, याची तपासणी व्हायला हवी.

मुळात ‘खुला’ हा शब्द आपल्या वाट्याला कसा आला, तेही पाहावे. मी वाशीला महाविद्यालयात शिकवतो. प्रवेशाच्या दिवसांत कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहिले की ‘तू ओपनचा का?’ हा प्रश्न कानी पडतो आणि त्याचा अर्थ ‘तू सवर्ण का?’ एवढाच असतो. वास्तविक खुला प्रवर्ग कुणाच्याच मालकीचा नाही. तिथे गुणवत्तेवर कुणीही जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने इंद्रा साहनी खटल्यात (1992) सांगितले, सौरव यादव खटल्यात (2020) पुन्हा बजावले. तरी बोलीत ‘खुले’ ते त्यांचे आणि ‘राखीव’ ते आपले, ही वाटणी पक्की बसली आहे. साहित्यातही तीच. त्यांच्या वाड्यातले एकाकीपण ते वैश्विक; आपल्या वस्तीतली भूक ती मात्र ‘दलित अनुभव’! वाशीही खुले शहर म्हणूनच आखले गेले. 1970 साली सिडको स्थापन झाली, सेक्टरांना आकडे दिले गेले, नकाशात कुठेही वेस ठेवली नाही. पण भाड्याची खोली बघायला जावे तर पहिला प्रश्न आडनावाचाच येतो.

खुलेपणाचा दावा आणि खुलेपणाची कृती यांतले अंतर मोजायला 1936 सालाइतके चांगले उदाहरण नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. मंडळी सुधारक होती, नावातच जात तोडण्याची भाषा होती. भाषणाची प्रत हाती पडल्यावर मात्र वेद आणि शास्त्रे यांवरचा मजकूर त्यांना झेपेना. बाबासाहेबांनी फेरफार करायला नकार दिला आणि अधिवेशनच बारगळले. बाबासाहेबांनी स्वखर्चाने दीड हजार प्रती छापल्या. त्या खपल्या. 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी काय केले? या भाषणावर ‘हरिजन’मधून गांधीजींनी केलेली टीका परिशिष्ट म्हणून स्वतःच्या पुस्तकात छापली आणि तिच्यापाठोपाठ आपले उत्तर दिले. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत वाचकासमोर ठेवायचे आणि मग आपला घाव घालायचा. यात मवाळपणा कुठेच नाही. खुले मन म्हणजे मधले बोलणे, अशी समजूत असणाऱ्यांनी ते उत्तर वाचावे.

आता आपल्या वाङ्मयीन इतिहासाकडे येऊ. 15 ऑगस्ट 1972 चा ‘साधना’चा विशेषांक अनिल अवचटांनी दलित तरुणांना मोकळा करून दिला. साने गुरुजींच्या साप्ताहिकाने हे करणे लहान गोष्ट नव्हती. त्यात राजा ढाले यांनी ‘काळा स्वातंत्र्यदिन’ या लेखात एक हिशेब मांडला : राष्ट्रध्वजाच्या अवमानाला दंड 300 रुपये आणि बौद्ध स्त्रीच्या अंगावरचे वस्त्र फेडणाऱ्याला 50. हा हिशेब ज्या भाषेत मांडला गेला ती सभ्य नव्हती. दुर्गा भागवतांनी आक्षेप घेतला, वादळ उठले, आणि महाराष्ट्र ध्वजाबद्दल बोलत राहिला. परभणीकडच्या ब्राह्मणगावातली ती बाई कुणाच्या चर्चेत उरली नाही.

दुर्गाबाईंना कोत्या मनाच्या म्हणणे हा अन्याय होईल. ‘सिद्धार्थ जातका’चे सात खंड मराठीत आणणारी ही विदुषी. 1975 साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना, आणीबाणीविरुद्ध त्या उभ्या राहिल्या, पुढे तुरुंगात गेल्या. आविष्कारस्वातंत्र्यासाठी इतकी किंमत मोजणारे लेखक मराठीत फार नाहीत. मग तीन वर्षे आधी त्यांना ढालेंचा हिशेब का ऐकू आला नाही? माझ्या मते याचे उत्तर त्यांच्या स्वभावात शोधण्यात अर्थ नाही. सत्ता लेखकाचे तोंड दाबते तेव्हा काय होते, ते त्यांना आपल्या अनुभवातून कळत होते. राष्ट्रच एखाद्या माणसाला परके असू शकते, हे कळायला तसा अनुभव त्यांच्यापाशी नव्हता, आणि ज्याच्यापाशी होता त्याच्या शब्दांपाशी त्या अडखळल्या.

याच वर्षी ‘गोलपिठा’ आला. विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेने नामदेव ढसाळांना मान्यता मिळवून दिली, असे अजूनही लिहिले जाते. मला त्या प्रस्तावनेचे मोल वेगळ्याच जागी दिसते. तेंडुलकर नामदेवबरोबर त्या वस्तीत रात्रीचे हिंडले, आणि कवितेतले जे शब्द आपल्याला कळत नाहीत ते त्यांनी कवीलाच विचारले, आणि आपले अज्ञान छापून टाकले. एरवी संस्कृत शब्द अडला तर वाचकाचे अज्ञान आणि कामाठीपुऱ्यातला शब्द अडला तर कवीची दुर्बोधता, असा आपल्या समीक्षेचा न्याय. तेंडुलकरांनी तो उलटा केला. अर्थात शब्दार्थ कळला म्हणजे कवितेतला उठाव कळला असे नाही, आणि पुढच्या कित्येक समीक्षकांनी प्रस्तावना वाचून कवितेला रजा दिली, हेही खरे.

इथवर बोट त्यांच्याकडे होते. आता ते आपल्याकडे वळले पाहिजे. 1978 साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले तेव्हा आपल्यातल्याच शिकल्यासवरलेल्यांनी ‘ही घाण कशाला उपसली?’ म्हणून नाके मुरडली. दया पवार पुरुष होते, मुंबईत होते, ते निभावले. फलटणच्या बेबीताई कांबळे नवऱ्याबरोबर किराणा दुकान चालवत आणि लिहिलेले सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवीत. ‘जिणं आमुचं’ 1982 मध्ये ‘स्त्री’ मासिकातून आणि 1986 मध्ये पुस्तकरूपाने आले. त्या लपवण्याचे कारण गावातला पाटील नव्हता, घर होते. वर्गात हे पुस्तक शिकवताना मुले विचारतात, ‘सर, आपल्याच घरातले कशाला सांगायचे? त्यांच्या हाती कोलीत कशाला?’ प्रश्न खोटा नाही. कोलीत खरोखरच उचलले जाते. पण मुली त्या वेळी गप्प बसलेल्या असतात, आणि हाच प्रश्न आमच्या जाणत्या समीक्षकांनीही न विचारता सोडवून टाकला आहे. बेबीताईंच्या पुस्तकातले दारिद्र्य, सण, देवदेवस्की आणि बाबासाहेबांच्या हाकेने उठलेली वस्ती यांवर ते भरभरून लिहितात. सासरच्यांनी सुनेचे नाक कापल्याची पाने आली की त्यांचा लेख पुढच्या प्रकरणावर जातो.