टक्केवारी सावरली, पण ती मुले?

शिक्षकांच्या एका बैठकीत आम्ही फळ्यावर चार आकडे लिहिले: ९१, ८५, ८५, ९३. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्याविरुद्धच्या लशीचा तिसरा डोस भारतातील शंभरांपैकी किती बाळांना मिळाला, याचे २०१९ ते २०२२ या चार वर्षांचे हे अंदाज. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ते २०२३ साली प्रसिद्ध केले होते. "यावरून काय दिसते?" असे विचारल्यावर बहुतेकांनी सांगितले, "कोरोनाच्या काळात लसीकरण घटले. नंतर ते पूर्वीपेक्षाही वर गेले. म्हणजे नुकसान भरून निघाले."

यातली पहिली दोन वाक्ये बरोबर आहेत. तिसरे मात्र आकड्यांतून निघत नाही. तरीही ते सहज बोलले जाते आणि छापलेही जाते. म्हणून या 'भरून निघाले'ची तपासणी आपण करू.

एक गाव घ्या. तेथे दरवर्षी शंभर बाळे जन्मतात आणि लसीकरण वरच्या आकड्यांप्रमाणे होते. मग त्या त्या वर्षी राहून गेलेली मुले झाली ९, १५, १५ आणि ७. एकूण ४६. महासाथ आलीच नसती आणि दरवर्षी ९१ टक्केच लसीकरण झाले असते, तर राहून गेलेली मुले ३६ असती. म्हणजे दोन वर्षांत १२ मुले जास्तीची सुटली आणि २०२२च्या वाढीने फक्त दोघांची भरपाई केली. ती दोघेही वेगळीच! २०२२ सालच्या बाळाला लस मिळाल्याने २०२० साली राहून गेलेल्या बाळाच्या अंगी प्रतिकारशक्ती येत नाही. वार्षिक टक्केवारी त्या वर्षीच्या बाळांपुरती असते. लस न मिळालेली मुले मात्र वर्षामागून वर्ष साठत जातात. मागे राहिलेल्यांपैकी कितींना पुढे उशिरा लस मिळाली, हेही ही टक्केवारी सांगत नाही.

आपल्या देशात दरवर्षी दोन कोटींहून अधिक बाळे जन्मतात. एक टक्का म्हणजे दोन लाखांहून अधिक मुले. ९१ वरून ८५ ही घसरण कागदावर लहान दिसते, ती याच मापाने मोजायला हवी. याच अंदाजांनुसार या लशीचा एकही डोस न मिळालेली मुले भारतात २०१९ साली सुमारे १४ लाख होती, तर २०२१ साली सुमारे २७ लाख.

दुसरी चूक आकड्यामागची तारीख न पाहण्याची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) पूर्ण लसीकरण झालेल्या १२ ते २३ महिन्यांच्या मुलांचे प्रमाण ६२ टक्के होते. पाचव्या फेरीत (२०१९-२१) ते ७६ टक्क्यांच्या वर गेले. घाईने वाचले तर महासाथीचा काहीच परिणाम झाला नाही असे वाटेल. परंतु पाचव्या फेरीचे काम दोन टप्प्यांत झाले. महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील पहिला टप्पा जानेवारी २०२० मध्येच, टाळेबंदीपूर्वी, संपला होता. त्या टप्प्यात मोजलेली सर्व मुले २०१९ किंवा त्याआधी जन्मलेली. पुरापूर्वी काढलेल्या छायाचित्रावरून पुराचे पाणी कुठवर आले होते हे कळत नाही, तसेच हे. छायाचित्र खोटे नाही, प्रश्न चुकीचा आहे.

तिसरी चूक शांततेला सुरक्षितता समजण्याची. २०२० आणि २०२१ साली जगभर गोवराच्या नोंदी कमी झाल्या. शाळा बंद होत्या, प्रवास थांबला होता, तोंडावर मुखपट्टी होती. गोवराच्या विषाणूला एका मुलाकडून दुसऱ्याकडे जायला वाटच उरली नव्हती. शिवाय रोगांची नोंद ठेवणारी यंत्रणाही कोरोनात गुंतली होती. लस नसलेली मुले त्या काळातही साठतच होती, फक्त ठिणगी पडत नव्हती.

ठिणगी पडली की काय होते, हे गोवराच्या बाबतीत साध्या गणिताने समजते. कोणाच्याच अंगी प्रतिकारशक्ती नसेल अशा वस्तीत गोवराचा एक रोगी सरासरी १२ ते १८ जणांना रोग देतो. हिशेबासाठी १५ धरा. एका रोग्यापासून पुढे एकाहून अधिक रोगी होऊ नयेत असे वाटत असेल, तर या पंधरांपैकी १४ जण आधीच सुरक्षित हवेत. १४ भागिले १५ म्हणजे सुमारे ९३ टक्के. त्यातही नवव्या महिन्यात दिलेला पहिला डोस शंभरांपैकी सुमारे ८५ मुलांनाच संरक्षण देतो, म्हणून १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यानचा दुसरा डोस आवश्यक. दोन्ही डोस ९५ टक्के मुलांना मिळावेत असा आग्रह धरला जातो, तो या गणितामुळे. येथे दोन-तीन टक्क्यांची तूटही लहान नसते.

२०२२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत, विशेषतः गोवंडीच्या दाट वस्त्यांत, गोवराची साथ उसळली आणि बालमृत्यूही झाले. रोग वाढलेल्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना गोवर-रुबेला लशीचा जादा डोस द्यावा, असे केंद्र सरकारने तेव्हा सुचवले. ज्या वर्षी देशाची टक्केवारी ९३ झाली, तेच हे वर्ष! सरासरीचा हा दोष शिक्षकांना ठाऊक आहे. एका वर्गात ९८ टक्के उत्तीर्ण आणि शेजारच्या वर्गात ७२, तर दोन सारख्या वर्गांची सरासरी ८५. रोग सरासरीला होत नाही, तो दुसऱ्या वर्गात शिरतो. गोवंडीच्या साथीचे सारे खापर कोरोनावर फोडणेही बरोबर नाही. दाटी, कुपोषण, स्थलांतर आणि आधीपासूनची लसीकरणातील तूट ही कारणे तेथे होतीच. महासाथीने जुनी भेग रुंद केली.

अशा वेळी "आईबाप अडाणी, मुलांना लस देत नाहीत" हे वाक्य हटकून ऐकू येते. भीती आणि गैरसमज असतात, हे आम्ही नाकारत नाही. पण २५ मार्च २०२० पासून काय घडले ते आठवावे. वाहने बंद झाली. अंगणवाड्या बंद झाल्याने तेथील लसीकरण सत्रे खंडित झाली. लस टोचणाऱ्या आरोग्यसेविका आणि बाळांना बोलावून आणणाऱ्या आशाताई घरोघर कोरोनाचे सर्वेक्षण करू लागल्या. हातावर पोट असलेली कुटुंबे शहर सोडून गेली, आणि ज्या यादीत बाळाचे नाव होते ती यादी मागेच राहिली. शाळा बंद पडल्याने दहाव्या आणि सोळाव्या वर्षी शाळेत मिळणारी धनुर्वात-घटसर्पाची लसही अनेकांची चुकली. दारात लसच आली नाही तेथे दोष आईच्या अज्ञानाला देणे म्हणजे आपली जबाबदारी टाळणे होय.

मग लसीकरण थांबवणे चूक होते काय? प्रत्येक वेळी नाही. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गर्दीच्या मोहिमा तात्पुरत्या थांबवण्याचा सल्ला दिला, पण नेहमीचे लसीकरण शक्य तेथे चालू ठेवावे असेही सांगितले. आफ्रिकेविषयीच्या एका गणिती अभ्यासात २०२० साली असा अंदाज निघाला की, लस घ्यायला गेल्यामुळे कोरोनाने होणाऱ्या प्रत्येक जादा मृत्यूमागे नेहमीच्या लसीकरणाने सुमारे ८४ बालमृत्यू टळतील. आकडा त्या खंडापुरता आणि गृहीतकांवर आधारलेला आहे. पण विचाराची रीत घेण्याजोगी आहे: एका धोक्यापासून वाचताना दुसरा किती वाढतो, हे त्याच तराजूत तोलले पाहिजे.

आता मुद्दा आपल्या वर्गाचा. २०२० आणि २०२१ साली जन्मलेली मुले शाळेच्या वयाची झाली आहेत. टक्केवारीच्या तक्त्यातून ती केव्हाच बाहेर पडली, पण आपल्या हजेरीपटावर आहेत. प्रवेशाच्या वेळी जन्मदाखल्याबरोबर लसीकरणाचे कार्डही पाहावे. कार्ड नसेल किंवा डोस राहिला असेल, तर मुलाला घरी न पाठवता पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. पाच ते सहा वर्षांदरम्यानचा त्रिगुणी लशीचा बूस्टर डोस नेमका याच वयाचा आहे. काही राहून गेलेल्या लशींना वयाची मर्यादा असते, म्हणून विचारणा लवकर झालेली बरी. मोठ्या वर्गांतील विद्यार्थ्यांना वरचे चार आकडे देऊन साठत गेलेल्या मुलांचा हिशेब करायला सांगावे. गणिताचा तासही होईल आणि एखाद्याला घरच्या धाकट्या भावंडाचे कार्ड उघडून पाहावेसे वाटेल.