आरोग्यविम्यातील ‘जबाबदारी’: एक अर्थविचार
अमेरिकेच्या २०१० च्या आरोग्यविमा कायद्याचे परीक्षण करताना ‘जबाबदारी’ या पदाचे दोन अर्थ वेगळे करणे अवश्य आहे. निरोगी माणसानेही विमा उतरवावा, अन्यथा दंड भरावा, यास कायदा ‘सामायिक जबाबदारी’ म्हणतो. पूर्वीच्या आजारासाठी वाढीव हप्ता घेण्यास त्याने बंदी केली; तेव्हा लोक आजारी पडेपर्यंत थांबू नयेत, हा त्यामागील हेतू. तंबाखू सेवन करणाऱ्याकडून दीडपटीपर्यंत हप्ता घेण्याची मुभा मात्र वैयक्तिक दोष गृहीत धरते. २०१७ च्या करकायद्याने २०१९ पासून तो दंड शून्यावर आणला. ही मुभा राहिली. भार वाटून घेण्याचा अर्थ क्षीण झाला, दोष देण्याचा उरला. न्यायदृष्ट्या हा अर्थसंकोच चिंत्य होय.